मटकीला ताप आलाय का? आणि तुमचे इतर प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की सजीवांना ऊर्जा मिळते कुठून आणि खर्च कुठे होते यावर काय हवं ते विचारा. वाटलं चार-पाच पत्रं येतील, तर इनबॉक्स भरून वाहायला लागला. त्यातले निम्मे "व्हिटॅमिनच्या गोळीने एनर्जी येते का" असले होते, त्या सगळ्यांना एकच उत्तर, व्हिटॅमिनमधून कॅलरी मिळत नाहीत, कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या घ्या, विषय संपला. उरलेल्यातले हे काही.

चिपळूणहून एक काकू विचारतात: मटकी भिजवून फडक्यात घट्ट बांधून ठेवते. परवा सकाळी पुरचुंडी सोडली तर आत चक्क कोमट लागली. नातू म्हणतो आजी, मटकीला ताप आलाय. खराब झाली म्हणायची का? आणि नुसत्या पाण्यावर ती वाढते कशी, खाते काय?

काकू, नातवाला आधी शाबासकी द्या, कारण तापाची उपमा अगदीच काही चुकीची नाही. डब्यातली कोरडी मटकी जिवंतच असते पण जवळजवळ गाढ झोपेत. पाणी मिळालं की ती जागी होते आणि आपली शिदोरी सोडते. शिदोरी म्हणजे आपण ज्याला डाळ म्हणतो ती दोन दलं, त्यात आईझाडाने स्टार्च आणि प्रोटीन भरून ठेवलेलं असतं. मोडाला हिरवी पानं फुटून उन्हात स्वतःचं अन्न करता येईपर्यंत ह्याच शिदोरीवर भागवायचं, आणि तुमच्या फडक्यात तर अंधार, म्हणजे कमाई शून्य, नुसता खर्च. हा खर्च ती आपल्यासारखाच करते, ऑक्सिजन घेऊन साखर हळूहळू "जाळते" आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. पण ह्या जळणातली सगळी ऊर्जा काही मोड वाढवायच्या कामी येत नाही, निम्म्याहून जास्त उष्णता होऊन निघून जाते. एक दाणा ताटलीत ठेवलात तर कळणारही नाही, पण हजारभर दाणे एकत्र घट्ट बांधले की ती ऊब बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून कोमट.

तेव्हा कोमट म्हणजे खराब नव्हे. बुळबुळीत झाली, वास यायला लागला तर खराब. फक्त ओलसर ऊब बॅक्टेरियालाही आवडते, म्हणून हवा तेवढा मोड आला की धुवून फ्रिजमध्ये टाका, थंडीत तिचा श्वासही मंदावतो आणि मोड लांबत नाहीत.

नातवाला एक उद्योग द्या. किचनच्या काट्यावर १०० ग्रॅम कोरडी मटकी मोजून घ्या, मोड आणा, मग सगळी खडखडीत वाळवा आणि परत मोजा. मोड आल्यावर फुगून वजन वाढलेलं दिसतं ते निव्वळ पाणी, वाळवल्यावर १०० भरणार नाहीत. जे कमी भरलं त्यातलं बरंचसं रात्रभर श्वासावाटे तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेत गेलं. (भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका हं, थोडंफार त्यातही उतरतं, तेही आटवून धरलंत तर हिशोब पक्का.) थंडीत सकाळी उकिरड्यातून वाफ येते ना, तीही हीच गंमत, फक्त तिथे श्वास घेणारे जंतू असतात. आणि ओलसर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी आतून का तापते हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

नाशिकहून एक वाचक: पिंपळ २४ तास ऑक्सिजन देतो असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतो. दुसरीकडे आजोबा सांगायचे रात्री झाडाखाली झोपू नये. खरं काय?

पिंपळावर मुंजा असतो की नाही ते मला माहीत नाही, पण रात्रीचा ऑक्सिजन नसतो हे नक्की. झाडाचा ऑक्सिजन येतो पाण्याचे रेणू फोडून, आणि ते फोडायला उजेड लागतोच लागतो, झाड कितीही पवित्र असू दे. चंद्रप्रकाश त्या कामाला पुरत नाही. श्वसन मात्र झाड दिवसरात्र करतं, पान, खोड, मुळं सगळं, अगदी तुमच्या-माझ्यासारखं ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडत. दिवसा कमाई खर्चापेक्षा कितीतरी जास्त म्हणून एकूणात ऑक्सिजन बाहेर पडतो, रात्री फक्त खर्च.

मग आजोबा बरोबर? तसंही नाही. माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे खोलीतल्या दोन कुंड्यांपेक्षा शेजारी घोरत झोपलेला नवरा कितीतरी जास्त सोडतो आणि त्याला काही कुणी बाहेर काढत नाही. उघड्यावरच्या झाडाखाली तर प्रश्नच नाही. साप-विंचू, पडणारी फांदी, पक्ष्यांचा प्रसाद ही कारणं मला जास्त पटतात.

पण ह्या मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट असावी असं मला वाटतं आणि ती पिंपळाहून भारी आहे. तुमच्याकडे पानफुटी असेलच कुंडीत, तीच जिचं पान शाळेत वहीत ठेवलं की कडेने छोटी छोटी रोपं फुटायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतितज्ञ दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, त्याने बागेतल्या पानफुटीचं पान चावून बघितलं. सकाळी लागलं आंबट, आपल्या आंबटचुक्याच्या भाऊबंदांसारखं, दुपारी अळणी, आणि संध्याकाळी जरा कडवट. एकच झाड, एकच दिवस! त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि ते पत्र १८१५ साली छापूनही आलं.

कारण पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडलं. पानफुटी, कोरफड, निवडुंग ही मंडळी कडक उन्हात पानाची भोकं उघडत नाहीत, उघडली तर पाणी उडून जाईल. ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्ल करून पानात साठवतात, हिरव्या सफरचंदाला आंबट करणारं तेच हे आम्ल. दिवस उगवला की दारं बंद, आणि साठवलेल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून उजेडात साखर करत बसायची. म्हणून सकाळी आंबट, दुपारी अळणी. "रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात" ह्याचं फॉरवर्ड होता होता "रात्री ऑक्सिजन देतात" झालं असणार. ह्या झाडांचाही ऑक्सिजन सुटतो तो दिवसाच.

करून बघायचं असेल तर कृपा करून पान चावू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना तर त्याने विषबाधा होते. सकाळी सहाला एक पान आणि दुपारी चारला एक पान ठेचून लिटमसऐवजी पीएच पेपर लावा, रंगातला फरक दिसेल.

कोल्हापूरचा नववीतला एक विद्यार्थी: मॅडम, पुस्तकात एटीपीला पेशीचं ऊर्जा चलन म्हटलंय. पाठ केलंय पण ते खरंच असतं का, कुणी बघितलंय का?

बघितलंय, आणि तूही बघू शकतोस. (बाकीच्यांसाठी: एटीपी म्हणजे पेशीतला एक छोटा रेणू, तो मोडून पेशी कामापुरती ऊर्जा मिळवते.) मेअखेरीला, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याकडे, पुरुषवाडीला, राजमाचीला लोक काजवे बघायला गर्दी करतात. काजव्याच्या पोटात लुसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ते ऑक्सिजनबरोबर चमकतं खरं पण एटीपी असेल तरच. हे १९४७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवलं, त्यासाठी ढिगाने काजवे लागायचे म्हणून ते बाल्टिमोरच्या पोरांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट द्यायचे. कुटलेल्या काजव्यांचा उजेड विझत आला की त्यात एटीपी टाकायचं, की परत चमक! आज ही युक्ती उलटी वापरतात, फूड फॅक्टरीत मशीन पुसून तो बोळा काजव्याच्या एन्झाइममध्ये घालतात, उजेड पडला म्हणजे कुठेतरी एटीपी आहे, म्हणजे जंतू किंवा खाण्याचा अंश राहिलाय, परत धुवा.

एटीपीच्या शोधात आपला माणूसही आहे बरं का. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतून ते वेगळं काढलं. सुब्बारावांचं नाव पुस्तकात का नसतं हा माझा जुना राग आहे, तो परत कधीतरी.

आता ती चलनाची उपमा. मला ती फारशी आवडत नाही, कारण नोटा साठवता येतात, एटीपी साठत नाही. पेशीचं हातावर पोट असतं. कुठल्याही क्षणी अख्ख्या शरीरात मूठभरच एटीपी, आणि दिवसभरात तेच ते मोडून-जोडून जे वापरलं जातं त्याची बेरीज जवळपास तुझ्या स्वतःच्या वजनाइतकी! बचत हवी तर ती चरबीत आणि ग्लायकोजेनमध्ये, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेत. आणखी एक, "बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर येते" असं लिहायची सवय आहे, पण बंध तोडायला ऊर्जा लागतेच, तुटल्यावर जे तयार होतं ते पाण्यात जास्त निवांत असतं म्हणून एकूण हिशोबात ऊर्जा सुटते. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही, मार्क महत्त्वाचे.

हे एटीपी परत जोडलं कसं जातं ते सांगायला मला कोयना लागते. शिवसागरचं पाणी बोगद्यातून खाली पोफळीला येतं आणि टर्बाइन फिरवतं ना, तसंच तंतुकणिकेच्या (म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, पेशीतल्या वीजघराच्या) आत एक पडदा असतो, अन्नातून मिळालेली ऊर्जा वापरून पेशी त्याच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलत राहते, धरण भरत राहतं, आणि ते प्रोटॉन परत यायला एकच सोयीची वाट, एका प्रोटीनमधून. ते प्रोटीन खरंखुरं गरगर फिरतं आणि फिरता फिरता एटीपी जोडतं. उपमा म्हणून फिरतं नव्हे, १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याला चमकणारा धागा चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना दाखवला. धरणाची कल्पना १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी मांडली तेव्हा बऱ्याच जणांनी ती उडवून लावली होती, मग ते कॉर्नवॉलमधला एक जुना पडका वाडा दुरुस्त करून तिथेच लॅब थाटून बसले. १९७८ ला नोबेल आलं.

पुण्याचा एक वाचक: आठ महिन्यांत १० किलो चरबी उतरवली. ट्रेनर म्हणतो घामातून गेली, मित्र म्हणतो एनर्जी झाली. आता ट्रेनर ऑनलाइन मिळणारी फॅट बर्नर पावडर घे म्हणतोय.

आधी अभिनंदन. दोघेही चुकले. वस्तुमान असं एनर्जी होऊन गायब झालं असतं तर पुणं शिल्लक राहिलं नसतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हिशोब मांडला, १० किलो चरबीतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे तुमचं पोट तुम्ही नाकावाटे सोडलंत, अक्षरशः. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ञ, ट्रेनर यांनाही विचारलं होतं, बहुतेकांनी तुमच्या मित्राचंच उत्तर दिलं. पण म्हणून जोरजोरात श्वास घेत बसू नका, त्याने नुसती चक्कर येईल, पेशींनी आधी चरबी जाळली तरच सोडायला कार्बन डायऑक्साइड तयार होणार. दिवसाला २००० कॅलरी म्हणजे जेमतेम १०० वॅटचा जुना बल्ब, त्यापेक्षा जास्त जळायला हालचालच हवी.

पावडरचं काय ते स्पष्ट सांगते, नको. असल्या मालात कधीकधी डीएनपी नावाचं रसायन निघतं. हे औषध म्हणजे वरच्या कोयना धरणाला पाडलेलं भगदाड, प्रोटॉन टर्बाइन सोडून भलतीकडूनच वाहतात, एटीपी होत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन कमी करायला सर्रास विकलं गेलं, वजन उतरायचं आणि काही लोक अंगातल्या उष्णतेनेच मेले, १९३८ मध्ये बंदी आली. ह्याला उतारा नाही. गंमत म्हणजे हेच भगदाड निसर्गाने मोजूनमापून तान्ह्या बाळाला दिलंय, पाठीवर खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते, तिचं कामच ऊब करणं, कारण बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही.

ठाण्याहून एक ताई: कळसूबाई करून आले, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं म्हणतात, लिंबूपाणी प्यावं का?

प्या, छान लागतं, पण त्याने फरक पडणार नाही. दम लागेपर्यंत चढताना ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा स्नायू शॉर्टकट मारतात, एका ग्लुकोजमागे ऑक्सिजनवर तीसेक एटीपी मिळतात तिथे फक्त २ मिळतात, आणि लॅक्टेट, म्हणजे त्या लॅक्टिक अ‍ॅसिडचंच रूप, तयार होतं. पण ते तासा-दीड तासात निघून जातं, हृदय तर ते आवडीने इंधन म्हणून वापरतं, बारीच्या हॉटेलात पिठलं-भाकरी येईपर्यंत ते बहुतेक संपलेलंही असतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं उतरतानाचं, मांडीचे स्नायू ताणत ताणत ब्रेक लावत येतात ना, त्यात त्यांचे धागे बारीक बारीक तुटतात. तीन-चार दिवसांत ओसरेल, हळूहळू चालत राहा. मात्र दुखणं वाढतच गेलं आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर लिंबूपाणी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.