सभेला जाताना गाववाल्यांनी बघितलं तर?

*ताई, मी देवगड तालुक्यातला, वय ४१. आंब्याच्या दिवसांत माझा टेम्पो वाशीला जातो, एरवी भाडं मिळेल तिकडे. सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. गणपतीसमोर दारू सोडायची शपथ घेतली, ती शिमग्यात मोडली. आमचे डॉक्टर म्हणतात, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जा. पण ती चर्चच्या हॉलमध्ये भरते. कुणी बघितलं तर? बायको आमटीत घालायची कसली तरी पूड आणणार म्हणते.*

भाऊ, आधी हातांचं बोलू. घोट घेतल्यावर थरथर थांबते, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेततं. तेव्हा 'उद्यापासून बंद' हा प्रयोग घरी नको. डॉक्टरांना हे थरथरणं स्पष्ट सांगा, ते म्हणाले तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखल व्हा. आणि तोवर टेम्पो दुसऱ्या कुणाला चालवू द्या. घाटात समोरून एसटी येते, तिच्यात माणसं असतात. यावर मी वाद घालणार नाही.

पूड अजिबात नको. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

आता सभा. चर्चचा हॉल म्हणजे नुसती जागा. कुठे शाळेचा वर्गही असतो. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचीच संघटना, कुठल्याही धर्माची नाही. दारू सोडण्याच्या तिच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला जसा समजला तसा' देव. तुमचा कुणकेश्वर तिथे चालतो, देव न मानणाराही चालतो. फी नाही. शेवटी डबा फिरतो, वाटलं तर टाका. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. एकेक जण नाव सांगून आपली गोष्ट सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही, सल्ले देत नाही. तुम्ही गप्प बसून चहा पिऊन आलात तरी चालतं. तिथलं तिथेच ठेवायचं, हा नियम.

गाववाल्यांचं म्हणाल, तर तुम्ही पिता हे त्यांना माहीत आहेच. तुम्हाला दारू सोडायची आहे, एवढंच नवं कळेल. आणि तिथे ओळखीचा कुणी भेटलाच, तर तो काय देवदर्शनाला आला असेल?

शपथेला मी हसणार नाही. गणपती ते शिमगा, सहा महिने पाळलीत! पण पालखीमागे कुणी 'बसतलंस काय रे?' म्हणालं, तेव्हा फोन करावा असं कोण होतं? ए.ए.चा जन्मच अशा फोनातून झाला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेलेला एक शेअर दलाल, व्यवहार फसलेला, हॉटेलात एकटा. बार समोरच. त्याने फोन फिरवून फिरवून आपल्यासारखाच पिणारा एक सर्जन शोधला आणि त्याच्याशी बोलत बसला. दलाल त्या दिवशी प्यायला नाही. सर्जनचीही त्याच जूनमध्ये सुटली. आजही जुना सभासद नव्याला आपला नंबर देतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. तुम्हाला हवाय तो हा माणूस. पहिल्या सभेत कंटाळा आला तर आणखी चार-पाच बघा, दुसरा गट बघा. सगळ्यांनाच हा मार्ग मानवतो असंही नाही. १४४४६ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर उपचारांचे इतर रस्तेही विचारता येतात.

वहिनींना सांगा, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तुम्ही गेलात, न गेलात, तरी त्यांनी जावं.

आणि तरीही गावाची लाज वाटलीच, तर डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिल्यावर वाशीच्या मुक्कामात तिकडची सभा गाठा. मुंबई-नवी मुंबईत त्या बऱ्याच भरतात. तिथे देवगडचं कोण बघतंय?