करडे रोहित

प्रश्न : रविवारी नातीला घेऊन रोहित (फ्लेमिंगो) पाहायला खाडीवर गेले होते. गुलाबी थव्यात मधूनमधून दहा-बारा पक्षी मळकट, करडे दिसले. नात म्हणाली, "आजी, ह्यांना बरं नाहीये का?" शेजारचे गृहस्थ म्हणाले, खाडीच्या घाण पाण्याने रंग उडालाय. खरं काय?
— एक आजी, नेरूळ

उत्तर : आजी, नातीला सांगा, ते पक्षी ठणठणीत आहेत. ती रोहितांची पोरं आहेत. रोहित गुलाबी जन्मतच नाही. अंड्यातून बाहेर येतो तो पांढुरक्या-करड्या लवीचा गोळा, आणि चोचही सरळ! ती प्रसिद्ध वाकडी चोच नंतर वळते. अंगावर पुरता गुलाबी रंग चढायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

आता त्या गृहस्थांचं म्हणणं. घडतं नेमकं उलट. रोहिताचा रंग खाण्यातून येतो. छोटा रोहित आणि मोठा रोहित ह्या दोन वेगळ्या जाती. छोटा रोहित मुख्यतः पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले बारीक कवचधारी जीव आणि किडेही खातो. गाजराला केशरी करणारी कॅरोटिनॉइड नावाची द्रव्यं त्यात असतात. तीच पक्ष्याच्या शरीरात बदलून पिसांत उतरतात. म्हणजे तुमच्या समोरचा तो गुलाबी थवा बऱ्याच अंशी अशा चिखलावरच रंगलेला असतो. सांडपाण्यामुळे हे शेवाळ फोफावतं हेही खरं, पण म्हणून खाडीत वाटेल ते सोडावं असं मुळीच नाही. कारखान्यांचं विष त्याच चिखलात मुरतं आणि त्याच चोचीत जातं.

मला सगळ्यात हलवून सोडते ती पुढची गोष्ट. पिल्लाला सुरुवातीला आई आणि बाप दोघंही दूध पाजतात. हे दूध सस्तन प्राण्यांसारखं नव्हे, ते अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होतं. रंगाने चक्क लाल असतं, कारण आईबापाच्या अंगातला रंग त्यात उतरतो. पिल्लं वाढवता वाढवता हे आईबाप फिके पडतात. शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हा धडा सांगताना अजून माझा आवाज भरून येतो.

हे पाजणं आपल्या खाडीवर मात्र दिसणार नाही. मोठा रोहित ह्या जातीची घरटी कच्छच्या रणात असतात. इकडे येतात ती पोटाच्या मागे, साधारण नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीचा पट्टा 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला.

मागच्या फेब्रुवारीत ऐरोलीच्या काठावरून मी एका करड्या पोराकडे अर्धा तास दुर्बीण लावून बसलो होतो. ओहोटी नुकती लागलेली. ते एका जागी गोल फिरत पाय आपटत होतं, ठप् ठप् ठप्, आणि मान खाली घालून चोच उलटी करून चिखलात बुडवत होतं. जीभ पंपासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर ढकलायचं, की खाणं आत राहतं. नातीला घेऊन पुन्हा गेलात तर पाहा, त्याच्या पायांभोवती गढूळ पाण्याची वर्तुळं उठतात. भरती येताना जा, पक्षी काठाकडे सरकतात. भिंतीवरून खाली उतरू नका, आणि पाव तर मुळीच टाकू नका.

प्रश्न : रोहित एका पायावर तासन्‌तास उभा राहतो. पाय भरून येत नाही का?
— इयत्ता सातवी, कळवा

उत्तर : नाही रे बाळा. अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मेलेल्या रोहितांची शरीरं एका पायावर ठेवून पाहिली. स्नायूंची काहीच मदत नसतानाही ती तशीच स्थिर उभी राहिली! दोन पायांवर मात्र राहिनात. म्हणजे जिवंत रोहितालाही एका पायावर उभं राहायला फारसे कष्ट पडत नसणार. आणखी एक : त्याचा गुडघा उलटा वाकतो असं तुला वाटत असेल, पण तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो.