अंबाडी, घोळ, शेवग्याच्या पाल्यात अँटिऑक्सिडंट असतात का? उकडून पाणी टाकलं तर ते जातात का?

असतात, आणि भरपूर. अँटिऑक्सिडंट म्हणजे शरीरातल्या पेशींना होणारी इजा रोखायला मदत करणारी द्रव्यं. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात क्वेर्सेटिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही वनस्पतींतली द्रव्यं, क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) असतं. घोळीच्या देठावर जी लाली दिसते ती बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांची, तीही अँटिऑक्सिडंटच. शिवाय घोळीत ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ (एक प्रकारची चांगली चरबी) आहे, जे पालेभाजीत एवढं क्वचितच सापडतं.

आता उकडण्याचं. आपल्या मराठवाड्यात अंबाडी उकडून, पिळून आंबट पाणी फेकतात आणि मग कण्या घालून घोटतात. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेनंही मरतं, त्यामुळे त्याचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं उष्णता बरीच सोसतात, पण पाण्यात थोडीफार उतरतात. बीटा-कॅरोटीन मात्र भाजीतच राहतं, आणि वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी पडली की ते अंगी जास्त लागतं. म्हणजे ती फोडणी नुसती चवीपुरती नाही.

म्हणून शेवग्याचा पाला उकडू नका, थेट फोडणीत टाकून झाकण ठेवून वाफवा. घोळीचं वेगळं आहे: तिच्यात ऑक्झलेट (मुतखड्याला हातभार लावणारं द्रव्य) जास्त असतं आणि उकडून पाणी टाकलं की ते कमी होतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती अशी उकडूनच करावी, तीही बेतानं. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवा, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं.