मशरूम खाऊन डिप्रेशन जातं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 27) पुण्यात नोकरी करतो. वर्षभर डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्रॅम घेत होता. आता मित्रांबरोबर कोडाईकॅनॉलला जाऊन ‘मॅजिक मशरूम’ खायचं ठरलंय. “परदेशात डॉक्टरच देतात, एका डोसात माणूस बरा होतो,” म्हणतो. गोळ्या चालू असल्या तर मशरूम चढत नाही, असं कुठंतरी वाचून त्यानं त्या परस्पर बंद केल्यात. आमच्या वडिलांना बायपोलर आजार आहे. भावाचं म्हणणं खरं आहे का?
— एक बहीण, सातारा

उत्तर : ताई, मशरूमचं नंतर बघू. आधी त्या गोळ्या. ही गोळी एकदम सोडली की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं. वर डिप्रेशन उलटण्याची भीती. त्याच्या डॉक्टरांना आजच फोन करायला सांगा.

भाऊ अगदीच हवेत बोलत नाहीये, बरं का. मशरूममधल्या सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं. त्याची घडण सेरोटोनिनसारखी (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन), त्यामुळे मेंदूतल्या सेरोटोनिनच्या जागांवर ते जाऊन बसतं. चार-सहा तास रंग, आवाज, वेळ यांचं भान बदलतं आणि स्वतःविषयी विचार करणाऱ्या भागांचा आपसातला मेळ ढिला पडतो. डिप्रेशनमध्ये माणूस घाण्याच्या बैलासारखा ‘माझ्यामुळेच झालं’भोवती फिरत असतो, ती फेरी तुटत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

पण आकडे बघा. 2022 मध्ये 233 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. 25 मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांपैकी 37 टक्क्यांना तीन आठवड्यांनी चांगला फरक होता. नावापुरता 1 मिलिग्रॅम मिळालेल्यांत 18 टक्क्यांना. बारा आठवडे टिकलेला फरक 20 टक्क्यांतच. त्याआधी, 2021 मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं 59 रुग्णांत सायलोसायबिनची तुलना केली, ती नेमकी एस्सिटॅलोप्रॅमशीच! मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. ऑस्ट्रेलियात 2023 पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ ते देतात, तेही इतर उपचार लागू न पडलेल्यांनाच.

तिथं रुग्ण डोळ्यांवर पट्टी आणि कानांना संगीत लावून पडलेला असतो, शेजारी तासन्‌तास प्रशिक्षित माणूस. गोळ्या बंद करायच्या तर डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि वडिलांना बायपोलर म्हटल्यावर तुमच्या भावाला अशा बहुतेक चाचण्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं, कारण उन्माद किंवा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) उफाळू शकतो. कोडाईच्या पुडीत कुठलं मशरूम, किती जोराचं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय सायलोसायबिन आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

त्याला रागावू नका. माझा अनुभव असा, की या वयाची मुलं गोळी सोडतात त्यामागं बऱ्याचदा एक न सांगितलेलं कारण असतं: या औषधानं कामेच्छा कमी होते. बहिणीला हे कोण सांगणार? तुम्ही तो विषय काढूही नका. डॉक्टरांकडे त्याला एकट्याला आत जाऊ द्या. डोस किंवा औषध बदलता येतं. मरणाची भाषा बोलू लागला, तर मात्र थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.