जुनी गाडी स्टार्ट होत नसेल तर
लगेच नवी बॅटरी घेऊ नकोस. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लाव. 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी चार्ज आहे. गाडी कधी सुरू झालीच, तर इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत, नसतील तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याला फिरवणारा बेल्ट बघ.

दोन्ही ठीक, तरी स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता 'टक्' करतो? मग इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी (करंट परत नेणारी धातूची पट्टी) तपास. जुन्या गाड्यांत ही फार दगा देते! वरून धड दिसते, पण बोल्टखाली गंज असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ (हे कधीच चुकवू नकोस), मग पट्टीचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घास आणि घट्ट आवळ. स्टार्टर जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर स्पार्क प्लगला ठिणगी येते का बघ, मग पेट्रोल पोचतंय का ते.