पोर्तुगीजमधल्या 'आगाझाल्यार'चा खरा अर्थ कोणता, गरम कपडे घालणे की पाहुणचार करणे? शब्द मुळात लॅटिन आहे का?

लॅटिन नाही, अजिबात नाही. या एका क्रियापदापायी माझे दोन मार्क गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पणजीत पोर्तुगीज शिकत होते तेव्हाची गोष्ट. परीक्षेतल्या उताऱ्यात एक शेतकरी वाटसरूंना 'आगाझाल्यार' करतो. मी लिहिलं, 'रात्रीपुरतं घरी ठेवून घेतो'. बाईंनी लाल रेघ मारून वर लिहिलं, 'पांघरूण घालतो'. विचारायला गेले तर म्हणाल्या, "पोर्तुगीज लॅटिनची लेक, तिथे नसलेला अर्थ तू कुठून आणलास?" आणि पेपर हातात दिला. मी गप्प बसले. दोन्ही अर्थ कोशात होते, हे घरी आल्यावर पाहिलं.

काही वर्षांनी स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाणं झालं. तिथली गालेगो ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. जिथे उतरले होते त्या घरच्या आजी निघायच्या सकाळी "उन आगासाल्यो" म्हणत आत गेल्या. बाहेर पाऊस लागलेला. पोर्तुगीजमध्ये 'आगाझाल्यु' म्हणजे अंगावर घ्यायचा गरम कपडा, तेव्हा शाल नाहीतर स्वेटर येणार असं धरून मी पाठीवरची पिशवी उतरवलीसुद्धा. आजींनी हातावर मधाची बरणी ठेवली. झाकणावर चौकड्यांच्या कापडाचा तुकडा, त्याला सुतळीची गाठ. गालेगोत आगासाल्यो म्हणजे भेटवस्तू!

शब्द जर्मानिक आहे, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला. गॉथिकमध्ये, म्हणजे गॉथ या जुन्या जर्मानिक लोकांच्या भाषेत, 'गासाल्या' म्हणजे एका दालनात राहणारा सोबती. 'साल' म्हणजे दालन, आणि 'गा' म्हणजे आपला 'सह'. आपला 'सहवासी' अगदी याच बांधणीचा. जर्मनमधले 'गेझेले' (जोडीदार, कारागीर) आणि 'गेझेलशाफ्ट' (समाज) त्याच कुळातले. लॅटिन घराण्यातला 'कोंपान्येइरु' भाकरीवरून आलाय, एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती. जर्मानिक सोबती मात्र एका छपराखालचा. म्हणजे परक्याला आपल्या दालनात घेणं हा मूळ अर्थ. गालिसियात त्याचा आदरसत्कार झाला, मग भेट. पोर्तुगालात आसरा, मग थंडीपासूनचा आसरा, मग कपडा. ब्राझीलमध्ये हिवाळ्यात गरजूंसाठी गरम कपडे गोळा करतात, त्या मोहिमेचं नावच 'कांपान्या दु आगाझाल्यु'.

आणि जुना अर्थ गोव्याला परका नव्हता. लिस्बनहून इकडे येणाऱ्या नौकांवर राहायला मिळणाऱ्या खोलीला 'गाझाल्यादु' म्हणत. गोव्यात बसून पोर्तुगीज शिकवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. 409 मध्ये सुएबी ही जर्मानिक टोळी पिरेनीज पर्वत ओलांडून आली, आजच्या उत्तर पोर्तुगालातल्या ब्रागाला राजधानी केली, 585 मध्ये व्हिसिगॉथांनी (गॉथांचीच एक शाखा) ते राज्य गिळलं. एवढी शतकं ही माणसं तिथे राज्य करत होती, आणि त्यांच्या शब्दांना मूळ म्हणून मोजायचंच नाही?

एक सांगायचं राहिलं. 'गासाल्या' हे रूप कुठल्याही हस्तलिखितात नाही, अभ्यासकांनी ते मागे जाऊन मांडलंय. म्हणून कोशात त्याच्यापुढे चांदणी असते. मात्र वुल्फिला या बिशपने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात 'साल्यान', म्हणजे मुक्काम करणे, हे क्रियापद लिहिलेलं सापडतं.

तुम्हाला आज बोलण्यापुरतं हवं असेल तर 'गरम कपडे घालणे' पुरे. लिस्बनच्या आया थंडीत पोरांना तेच बजावतात. पण वाक्यात पाहुणा किंवा वाटसरू दिसला, तर 'घरी ठेवून घेणे'च लिहा. त्यावर कुणी लाल रेघ मारली तर कोश घेऊन त्याच दिवशी स्टाफरूममध्ये जा. मी दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, आणि गेलेच नाही.