हात कामात असले तर तोंडाने सांगा

व्हिडिओ कॉलवर नवीन आहात ना, मग एक सवय आजच लावून घ्या: स्क्रीनवर काही करायला लागलात की ते बोलून दाखवा. समोरासमोर बसलेलं असताना तुम्ही कागद चाळताय हे दिसतं. कॉलवर दिसते ती फक्त बाजूला वळलेली नजर. "थांबा हं, फाइल शोधतोय... ही जुनी... हां, सापडली" एवढं पुटपुटलं तरी समोरचा निवांत थांबतो. गप्प राहिलात की लगेच "हॅलो, ऐकू येतंय ना?" येणार, आणि शोधणंही अर्धवट राहणार.

गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. नेटवर्कमुळे आवाज त्याहून उशिरा पोचला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात. तेव्हा "तुम्ही बोला" म्हणा आणि खरंच थांबा.

स्क्रीन शेअर केल्यावर "इथे बघा" नको. "डावीकडून तिसरा रकाना" म्हणा, कर्सर तिथे नेऊन स्थिर ठेवा. "दिसलं" असं ऐकू आल्याशिवाय पुढे स्क्रोल करू नका (माझ्या मते सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच). आणि समोरचा टाइप करत असेल, तर प्रश्न विचारण्याआधी की-बोर्डची टकटक थांबू द्या.